डाव्या इंडिकेटरचा बल्ब

मोटरसायकल बंद पडलेला माणूस माझ्याकडे येऊन कधीच सरळ सांगत नाही की गाडी चालू होत नाही. तो मेव्हण्यापासून सुरुवात करतो. "मेव्हणा घेऊन गेलता हो परवा, तवापासनं..." नाहीतर पेट्रोलपंपापासून, नाहीतर कुणाची तरी नजर लागण्यापासून. मी ऐकून घेतो. मेव्हण्याचा करंटशी संबंध नसतो हे मला ठाऊक असतं, पण माणूस बोलता बोलता कामाचं एखादं वाक्य सोडून जातो.

चौसाळ्याला हायवेच्या कडेला माझं दुकान आहे. पुढे पत्र्याचं शेड, आत बॅटऱ्या चार्ज करायचं टेबल. इंजिन खोलणारे वेगळे, पंक्चर काढणारे वेगळे. माझ्याकडे फक्त करंटच्या तक्रारी येतात. हॉर्न घोगरा झाला, लाईट मंद लागतो, सेल्फ दाबला की नुसतं टकटक वाजतं. इंजिनाचं दुखणं दिसतं तरी, तेल गळतं, धूर येतो. करंट ना दिसतो ना त्याला वास असतो. वास आलाच तर समजायचं की आता वायरिंग जळालं. म्हणून लोकांचा एक लाडका निकाल ठरलेला असतो, "बॅटरी गेली." आणि नवी बॅटरी विकायला बसलेला दुकानदार त्या निकालावर लगेच सही करतो.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांना मी रांजणाचं उदाहरण देतो. बॅटरी म्हणजे रांजण. इंजिन फिरलं की आतली कॉइल करंट तयार करते आणि रेक्टिफायर नावाचा एक डबा तो बॅटरीला चालेल असा करून तिच्यात सोडतो. सेल्फ, हॉर्न, दिवे हे सगळे त्या रांजणातले पिणारे. आता सकाळी रांजण रिकामा सापडला तर कारणं तीनच. एक तर पाणी येतच नाही. नाहीतर रांजण झिरपतोय. नाहीतर कुणीतरी गुपचूप तांब्या बुडवून जातंय. पहिली दोन कारणं मीटर लावलं की सापडतात. तिसऱ्यासाठी घरच्या माणसांशी बोलावं लागतं.

घरच्या जनावरांशीसुद्धा. एका धनगराची गाडी रोज सकाळी मेलेली असायची. तो गाडी शेळ्यांच्या कोंडवाड्यात लावायचा. हॅन्डलवर त्याच्या हाताचा घाम, म्हणजे मीठ, आणि एका बोकडाला ते चाटायचा नाद. चाटता चाटता पठ्ठ्या चावीकडे जाणारी वायर चघळायचा. चावी बंद असली तरी त्या वायरीत करंट असतोच. प्लास्टिक निघून तांबं उघडं पडलं होतं आणि रात्रीच्या दवात तिथून बॅटरी हळूहळू उतरत होती. वायर दाखवली तेव्हा मालक गंभीरपणे म्हणाला, मिस्त्री, मग बोकड विकू का? मी म्हणालो, आधी गाडी बाहेर लावून बघ.

आमच्याकडे एक रीतही पडून गेली आहे, ती दुसरीकडे असेल असं वाटत नाही. दसरा झाला की ऊसतोडीला जाणारी कुटुंबं गाव सोडतात आणि गाडी घरात कुलपात उभी राहते. उभ्या गाडीची बॅटरी चार-सहा महिन्यांत मरते. कुणा एकानं जाताना आपली बॅटरी काढून माझ्याकडे ठेवली, ती मी अधूनमधून चार्ज करत राहिलो, तो परत आला तेव्हा गाडी पहिल्या बटणाला चालू झाली. पुढच्या वर्षी त्याची सगळी टोळी बॅटऱ्या घेऊन दारात. आता हिवाळ्यात माझं एक फडताळ त्या बॅटऱ्यांनी भरलेलं असतं, प्रत्येकीवर ऑईलपेंटनं मालकाचं नाव. कारखान्याच्या तळावरून फोन येतात. आधी पावसापाण्याचं विचारतात, मग जरा घुटमळून, "आमची बॅटरी बरी हाय ना?" मी म्हणतो, बरी आहे, कालच पोटभर पाजलंय. त्यांना बॅटरीचं विचारायचं नसतं हे मला कळतं. गावातल्या कुणाशी तरी बोलायचं असतं.

या अंकाच्या संपादक सरांची गाडी माझ्याकडेच असते. त्यांनी विचारलं की आजवर शोधायला सगळ्यात अवघड गेलेला फॉल्ट कोणता, तो लिहा. मी म्हणालो, लिहितो, पण त्यात करंटचं फार काही नाही.

त्या गिऱ्हाइकाचं खरं नाव मी इथं देत नाही. भानुदास म्हणू. गावही सांगत नाही, चौसाळ्यापासून आत आहे एवढं पुरे. थोडी जिरायत, दहा-बारा शेळ्या, एक मुलगी लग्न होऊन आष्टीकडे गेलेली. घरी तो आणि त्याची बायको, इंदूबाई. विहिरीचं काम चालू असताना भानुदास पडला होता आणि तेव्हापासून त्याच्या उजव्या पायात रॉड आहे. गाडी तो झकास चालवतो, पण किक मारू शकत नाही. धक्का देत पळणंही त्याला शक्य नाही. म्हणजे सेल्फ चालला तर भानुदास चालला.

त्याची तक्रार ऐकून मला हसू आलं होतं. गाडी आठवडाभर उत्तम चालते, फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बॅटरी उतरते. मी म्हणालो, भानुदासराव, बॅटरीला वार कळायला लागले का? उपास बिपास धरलाय का तिनं? तो हसला नाही. खाली बघत म्हणाला, "बायकूला डायलिसिसला न्यावं लागतं बीडला. त्याच दिवशी दगा देते."

मग मीही हसायचा थांबलो. इंदूबाईंना जुनी शुगर. तिनं आधी डोळे अधू केले, मग किडन्या नेल्या. आठवड्यातून दोनदा बीडच्या एका दवाखान्यात चार-चार तास मशीनवर पडायचं. एसटीनं जायचं तर फाट्यापर्यंतची चाल तिला झेपत नाही. तेव्हा मोटरसायकलवर, मांजरसुंब्याच्या घाटातून, पदरानं तोंड बांधून ती नवऱ्यामागे बसून जाते. येताना तिच्यात काही उरलेलं नसतं. अशा वेळी गाडी चालू होत नाही, आणि हा लंगडत लंगडत येणाऱ्या-जाणाऱ्याला धक्का मागत फिरतो, ती दवाखान्याच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेली. एकदा तर गाडी चालू होईपर्यंत तिला भोवळ येऊन परत आत न्यावं लागलं होतं.

मी गाडी ठेवून घेतली. मीटर लावलं. इंजिन रेस केल्यावर चार्जिंग बरोबर येत होतं, म्हणजे पाणी येत होतं. बॅटरी भरून रात्रभर बाजूला ठेवली, सकाळी तेवढीच भरलेली. रांजणही धड होता. चावी बंद करून गळती तपासली, काटा हलला नाही. सेल्फच्या मोटरचा करंट पाहिला, टर्मिनल घासले, अर्थिंगचा बोल्ट काढून साफ करून बसवला. दोन दिवस गाडी माझ्या दारात उभी होती आणि दोन्ही दिवस एका बोटावर चालू झाली. मी खुशीत गाडी परत दिली. शुक्रवारी दुपारी बीडहून फोन आला, "मिस्त्री, गेली."

आता मला माझ्याच हातांचा राग यायला लागला. पुढच्या खेपेला मी त्याला थोडं दरडावूनच विचारलं, तिथे चावी चालू राहते का? तो म्हणाला, न्हाई. मोबाईल चार्ज करता का? न्हाई. तुम्ही आत असता तेव्हा कुणी पोरंटोरं गाडीशी खेळतात? तो म्हणाला, मी गाडीपाशीच असतो. हे कामाचं वाक्य होतं, पण तेव्हा माझ्या कानावरून गेलं.

गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या डाव्या इंडिकेटरशी थांबलो. त्याची पिवळी काच आतून तपकिरी पडली होती आणि होल्डरचं प्लास्टिक वाकलं होतं. बल्ब काढला तर काळाठिक्कर. पुढचा डावाही तसाच. उजवे दोन्ही मात्र कोरे करकरीत. इंडिकेटर म्हणजे वळताना दहावीस वेळा लुकलुकून बंद व्हायची वस्तू. ती एवढी तापायची तर तासन्‌तास चालू पाहिजे. आणि तेवढा वेळ चावी चालू, डावीकडचे दोन बल्ब चालू, इंजिन बंद, मग या छोट्या बॅटरीत उरणार काय?

मी तो काळा बल्ब भानुदासच्या तळहातावर ठेवला. तो बल्ब बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "हसू नका पण."

पहिल्या वेळची गोष्ट त्यानं सांगितली. आत नातेवाइकांना बसू देत नाहीत. इंदूबाईला मशीन लावलं आणि हा चहा प्यायला गेला. तिनं आजूबाजूला बघितलं, हा दिसेना. तिला वाटलं, सोडून गेला. हाताला सुया टोचलेल्या असताना ती उठायला गेली आणि सगळीकडे रक्त झालं. सिस्टर खूप रागावल्या. परत असं केलं तर आम्ही हिला घेणार नाही म्हणाल्या. घेणार नाही म्हणजे काय हे भानुदासला कळत होतं. मग सिस्टरनीच तिला खिडकीपाशी पलंग दिला आणि याला सांगितलं, खाली अशा जागी थांबा की तिला दिसाल. तो थांबायचा. पण पहिल्या मजल्यावरून तिच्या त्या डोळ्यांना खालची माणसं सगळी सारखीच दिसायची. ती वर तळमळायची, सिस्टर तिला दटावायच्या.

एका मंगळवारी गाडी लावताना त्याचा इंडिकेटर चुकून चालू राहिला. चार तासांनी ती खाली आली ती शांत. म्हणाली, "आज तुमी व्हता. पिवळं लुकलुकत व्हतं."

तेव्हापासून तो दर खेपेला चावी चालू ठेवून डावा इंडिकेटर लावायचा आणि गाडीला टेकून बसायचा. गावात कुणाला कळलं असतं तर पारावर महिनाभर विषय झाला असता, म्हणून तो माझ्याशीही खोटं बोलला.

त्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी गेलो आणि माझ्या बायकोला, जुबेदाला, हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "तुम बैठते क्या ऐसा?" मी म्हणालो, माझ्या हातात तर दिवसभर बल्बच असतात. ती म्हणाली, वही तो, दुनिया के वास्ते.

भानुदासला इंडिकेटर लावू नको म्हणणं माझ्या जिवावर आलं. बॅटरीत तांब्या बुडवणारा माणूस सापडला होता, पण त्याच्या हातातून तांब्या काढून घ्यायचा नव्हता. म्हणून मी त्याला दुसरा रांजण दिला. घरच्या यूपीएसमध्ये असते तसली छोटी सीलबंद बॅटरी गाडीच्या साइडच्या पेटीत बसवली. गाडी चालताना तीही भरेल, पण उभी असताना मोठ्या बॅटरीतलं काही ओढणार नाही, अशी जोडणी केली. मागच्या कॅरिअरला कमरेएवढी लोखंडी नळी लावून तिच्या टोकाला ट्रॉलीला लावतात तसला पिवळा एलईडी दिवा, तोंड वर खिडकीकडे वळवता येईल असा. एलईडीला करंट नावाला लागतो. सीटखाली बटण. दाबलं की लुकलुक. दिवसभर चालला तरी सेल्फला धक्का नाही.

दवाखान्याच्या वॉचमनने पहिल्या दिवशी हटकलं होतं म्हणे, ही काय मिरवणूक आहे का? मग त्यालाही सवय झाली. पुढे तर तो भानुदासची जागा धरून ठेवायचा. गाडी परत कधी बंद पडली नाही. मी मनातल्या मनात ही केस निकाली काढली.

पावसाळा संपता संपता एका मंगळवारी सकाळी भानुदासचा फोन आला. तापानं फणफणलेला आवाज. उठायला गेलं तर सांधे धरले होते. मुलगी आष्टीहून यायला दुपार झाली असती आणि मशीनचा नंबर सकाळचा. तो म्हणाला, "मिस्त्री, दुसऱ्या कुणाला लाईटचं ठावं न्हाई."

मी दुकान बंद केलं आणि त्याच्या गाडीवरून इंदूबाईंना घेऊन गेलो. ती माझ्यामागे मधे पिशवी ठेवून बसली. घाटात चालवली इतक्या जपून मी आयुष्यात गाडी चालवली नाही. ती मागून म्हणाली, भाऊ, हे याहून जोरात नेतात. दवाखान्यात वॉचमनने जागा दाखवली. ती वर गेली. मी दिवा खिडकीकडे वळवला, बटण दाबलं आणि बसलो.

चार तास बसणं हे काम आहे हे मला तिथं कळलं. दुकानात मी एका जागी दिवस काढतो, पण तिथे हाताला काहीतरी असतं. इथे करण्यासारखं काहीच नव्हतं. लघवीला जायचं तर वाटायचं, तेवढ्यात तिनं बघितलं तर? चहा वॉचमनकडून मागवला. दर थोड्या वेळानं मान वर करून खिडकीकडे बघत होतो आणि काचेत नुसतं आभाळ दिसत होतं. भानुदास हे किती मंगळवार-शुक्रवार करत आलाय ते मी बोटांवर मोजायला लागलो.

ती खाली आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. लगेच निघू नका, जरा बसा म्हणालो. पायरीवर बसली, पाण्याचे दोन घोट घेतले. दिवा अजून लुकलुकत होता, मी बंद करायला उठलो. तिनं विचारलं, "चालू हाय का अजून?"

दिवा तिच्यापासून चार पावलांवर होता. तिचं तोंडही त्याच्याकडेच होतं.

"दिसत न्हाई भाऊ," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासनं न्हाई दिसत. घरात चाचपून करते, त्यांना वाटतं अजून जरा दिसतंय. तुमी बोलू नका."

मी विचारलं, मग वर चार तास कशी राहता? ती म्हणाली की शेजारच्या पलंगावर पाटोद्याकडची एक बाई असते. ती खिडकीतून बघते आणि सांगते, लागलाय गं तुझा. एवढं कानावर पडलं की हिला पुरतं, मग डोळे मिटून पडून राहते. ती बाई नसली तर सिस्टर सांगतात. आता वॉर्डातले बाकीचेही बघतात म्हणाली, लागला का म्हणून.

मी म्हणालो, वहिनी, त्याला सांगून टाका. नवऱ्यापासून काय लपवायचं? आणि डोळ्यांचं डॉक्टरांना?

"डाक्टरला सांगितलंय. त्याला इलाज न्हाई म्हणाले. यांना सांगितलं तर त्या पायानं जिना चढून वर येतील, सिस्टरशी भांडतील. आन्..." तिनं पदर सारखा केला. "माझं दुखणं त्यांच्या हातात न्हाई. खाली बसून लाईट लावायचा, एवढंच हाय त्यांच्या हातात. ते कशापायी काढून घेऊ?"

मी दिवा बंद केला आणि गाडी काढली.

घरी भानुदास बाजेवर घोंगडी घेऊन पडला होता. तिला आत पोहोचवलं. मुलगी आली होती, तिनं आईला निजवलं. मी निघालो तसं त्यानं माझं मनगट धरलं. हात चटका बसेल इतका गरम होता. त्यानं विचारलं, दिवा शेवटपर्यंत चालला का? मी म्हणालो, चालला. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "तिला दिसला?"

आतल्या खोलीत बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"दिसला म्हणाली," मी म्हणालो. त्यानं मनगट सोडलं आणि कुशीवर वळला.

तो बरा झाला. पुन्हा मंगळवार-शुक्रवार दोघं माझ्या दुकानासमोरून जातात, तो हॉर्न वाजवतो, मी हात करतो. तीही हात करते, थोडा उशिरा, भलत्याच बाजूला. आधी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग वाटायला लागलं की जी गोष्ट मला रस्त्याच्या या कडेवरून दिसते, ती चोवीस तास तिच्या सोबत राहणाऱ्याला दिसत नसेल का?

गेल्या महिन्यात भानुदास एकटाच दुकानात आला. गाडीचं काही दुखत नव्हतं. इकडचं तिकडचं बोलला, शेळ्यांचं सांगितलं, मग म्हणाला, "मिस्त्री, ह्याच्याहून मोठा लाईट बसंल का?"

मी विचारलं, का, हा नीट लागत नाही का?

"लागतो की. पण तिची नजर..." असं म्हणून तो माझ्याकडे न बघता सीटवरची धूळ पुसायला लागला. धूळ नव्हती. "लांबून दिसाया पायजे," तो म्हणाला. "वार्डातल्या समद्यांना."

गरज नसलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या गाडीला लावायची नाही हा माझा धंद्यातला हट्ट आहे. त्यापायी मी पुष्कळ गिऱ्हाइकं गमावली आहेत. त्या दिवशी मी फडताळावरचा सगळ्यात मोठा दिवा काढला, ट्रकवाल्यासाठी आणून ठेवलेला. नळीचा क्लॅम्प बदलला, वायर नवी ओढली. भानुदास माझ्यासमोर पाय लांब करून बसला होता आणि आम्ही दोघं नुसतं दिव्याबद्दल बोलत होतो. बसवून झाल्यावर त्यानं स्वतः बटण दाबलं. भर उन्हात दिवा लुकलुकायला लागला आणि हायवेवरून जाणारा एक जण वळून बघत गेला.

"दिसंल आता," भानुदास म्हणाला.

"दिसेल," मी म्हणालो.